मुलांना त्यांच्या वयाचा आवाज द्या

मा. संपादक,

सातवी-आठवीतल्या मुलांसाठी कादंबरी निवडताना आपण तात्पर्य शोधतो. मुलं शोधतात आपल्या वयाचा आवाज. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. टोळ्यांत विभागलेल्या पोरांची ती गोष्ट म्हणूनच कुठे उपदेश करत नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त नववीतला मुकुंद आणीबाणीचा काळ सांगतो. त्यातल्या प्रेमप्रकरणाने पालक बिचकतात, मुलं मुळीच नाही! व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही द्यावी, पण सुरुवातीची पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. बोली कानावर पडली की पुढची वाट सोपी होते. आणि हो, कंटाळा आला तर पुस्तक अर्ध्यावर मिटायची मुभाही असू द्या.

– एक वाचक