कात्री लावली, पण स्वेटर उसवला नाही

रेक्याविक, आइसलंड, नोव्हेंबरअखेर

तीर्थरूप आई-बाबा आणि आजी यांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई विचारणारच. फोनवर मी वाक्य सुरू करते आणि तू ते संपवतेस, म्हणून पत्र. परवा तर विणलेला स्वेटर कापला म्हणताच तू मध्येच फोन ठेवलास. दादाला सांग, मोठ्या अक्षरात छापून दे. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत बाबांनी मोबाइलवर डोळे ताणायचे नाहीत.

आधी तुझ्या काळज्यांची उत्तरं देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मी बरी आहे, वेळेवर जेवते, डबाही नेते. इथे हिवाळ्यात पारा शून्याच्या आगेमागे असतो, नकाशात बघून वाटतं तेवढं भयंकर काही नाही. वारा मात्र वाईट, ते कबूल. पण घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापवतात, त्यामुळे घरात मी सुती कुर्त्यावरच असते. ज्वालामुखीचं म्हणशील तर २०२१ पासून रेक्यानेस द्वीपकल्पाच्या बाजूला अधूनमधून जमीन फाटते आणि टीव्हीवाले दर वेळी तेच लाल चित्र दाखवतात. २०२३ च्या नोव्हेंबरात ग्रिंडाविक गाव रिकामं केलं हे खरं, पण ते इथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. बाबा, तुम्ही ते व्हिडिओ आजीला दाखवू नका. आणि हो, डिसेंबरच्या एकवीस तारखेच्या सुमाराला सूर्य साडेअकराच्या आसपास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. त्याने डोळे जात नाहीत. विणताना थेट सुयांवर उजेड पडेल असा दिवा घेतला आहे.

आता लोकर. "पगार लोकरीत घालतेस आणि विणतेस परक्यांसाठी," हे तू हसत म्हणालीस, पण मला लागलं. लोकर इथे चैनीची वस्तू नाही गं, किराणा दुकानातही मिळते. आणि परके म्हणजे कोण? मी फ्लूने पडले होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी सूप आणून दिलं. ऑफिसातली पोलिश मैत्रीण माझी कागदपत्रं घेऊन माझ्याआधी रांगेत उभी राहिली. या लोकांना पैसे देता येत नाहीत, मिठाई देऊन होत नाही. हातांनी केलेली वस्तू दिली की बरं वाटतं. त्यांना किती वाटतं माहीत नाही, मला वाटतं.

सध्या सुयांवर चार कामं आहेत. मैत्रिणीच्या बाळाची कुंची संपत आली. तुझ्याच पद्धतीची, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत अदलाबदल, कानांवर दोन पट्ट्या. ती मऊ मेरिनो लोकरीची आहे, कारण इथली लोपी लोकर तान्ह्याला टोचते. लोपी म्हणजे आपल्या धनगरी घोंगडीची धाकटी बहीण समज, अंगाला कुरकुरते पण पावसाला दाद देत नाही. इथल्या मेंढीला दोन थरांची लोकर असते, वरचा थर लांब, राठ, पाणी झटकणारा आणि आतला बारीक, मऊ, ऊब धरणारा. दोन्ही एकत्र आणि सैल कातले की हलकी, फुगीर लोकर होते. नवव्या शतकात वसाहत करायला आलेल्यांनी बोटींतून आणलेल्या मेंढ्यांचीच ही जात.

पोलिश मैत्रिणीसाठी मोजे चालू आहेत. त्यांना साधी लोपी नाही, मशीनमध्ये धुता येणारी लोकर घेतली, कारण ती सगळं एकत्र मशीनमध्ये टाकते. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की मोठ्या माणसाचा स्वेटर पोराच्या मापाचा होतो. भेट देताना धुण्याची चिठ्ठी बांधते खरी, पण चिठ्ठी वाचणारी माणसं वेगळी आणि न वाचणारी वेगळी, आणि ते आधी ओळखून लोकर निवडावी लागते. टाच मात्र अजून तुझ्यासारखी गोल येत नाही.

खालच्या आजींचे भाऊ पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होते. त्यांच्यासाठी दोन अंगठ्यांचे हातमोजे. हसू नका, इथले कोळी असेच मोजे वापरायचे. दोर ओढून तळव्याची बाजू झिजली की मोजा फिरवून घालायचा, दुसरा अंगठा कामाला येतो. मला ही युक्ती इतकी आवडली की गरज नसताना विणायला घेतले. म्हातारबाबांनी तयार झालेला एक घालून बघितला, तो फिरवून पुन्हा घातला आणि काही न बोलता खिशात टाकला. आजी म्हणाल्या, म्हणजे आवडला.

हे सगळं ख्रिसमसआधी संपवायचं आहे. इथे एक राक्षसी मांजर आहे, योलाकोत्तुर. सणाला ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला ते खातं म्हणे. लोकरीची कामं सणापूर्वी उरकावीत म्हणून जुन्या लोकांनी घातलेली भीती. आता गावाच्या मध्यावर दिव्यांचं भलंमोठं मांजर उभं करतात आणि पोरं त्याच्याबरोबर फोटो काढतात.

आणि आता ज्यावरून तू फोन ठेवलास ते. हो, मी विणून पूर्ण झालेला स्वेटर कात्रीने मधोमध कापला. मुद्दाम कापला. इथे कापतातच. नॉर्वेतही कापतात. "अन्नाला लाथ मारल्यासारखं झालं," असं तू म्हणालीस, म्हणून सगळं सांगते, आणि नीट वाच, कारण तुझ्या हाताला हे माझ्यापेक्षा लवकर जमेल.

आपण स्वेटर पाठ वेगळी, पुढचे दोन पल्ले वेगळे, बाह्या वेगळ्या असा विणतो आणि मग शिवतो. इथे तसं करत नाहीत. लांब केबल असलेल्या सुईवर अंग एका नळीसारखं गोल विणतात, बाह्यांच्या दोन नळ्या वेगळ्या, आणि काखेपाशी तिन्ही एकाच सुईवर घेऊन गळ्यापर्यंत गोल चढत जातात. खांद्याभोवती जी नक्षीची चक्रं दिसतात ती तिथे येतात, आणि टाके कमी करत गेलं की नक्षी आपोआप गळ्याशी गोळा होते. याला लोपापेसा म्हणतात. लोकांना वाटतं, हा फार प्राचीन प्रकार. विणकाम इथे सोळाव्या शतकात आलं, पण हा नक्षीचा स्वेटर गेल्या शतकाच्या मध्यावरचा, म्हणजे आजीपेक्षा फार मोठा नाही.

गोल का विणायचं? कारण गोल विणताना कायम सुलट बाजू समोर राहते, उलट ओळ नाहीच. दोन रंगांची नक्षी सुलट ओळीत डोळ्यांसमोर दिसते, मागे धागे सैल सोडत जायचे. तीच नक्षी उलट ओळीत करून बघ, धागे पुढे येतात, नक्षी दिसत नाही, चूक दोन ओळी वर गेल्यावर कळते. मग पुढून उघडणारा बटणांचा स्वेटर हवा असेल तर? तोही गोलच विणतात आणि नंतर पुढून कापतात.

कापायच्या जागी सुरुवातीपासून दोन उलट टाके ठेवलेले असतात. सगळीकडे सुलट आणि मध्ये ही उभी खाच, त्यामुळे रेघ दिसते. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर बारीक टाक्याची शिलाई मारायची, सावकाश, विणलेलं न ताणता. मी प्रत्येक बाजूला दोनदा मारली. मग दोन शिलायांच्या मधून कात्री.

उसवत का नाही, हा तुझा प्रश्न बरोबर होता. टाका सुटला की तो उभ्या रांगेने खाली पळतो, हे तुला मी काय सांगू. पण तो आडवा पळत नाही. कात्री उभी चालते, तेव्हा कापलेल्या कडेला धाग्यांची नुसती टोकं राहतात, आणि ती बाजूला ओढल्याशिवाय निघत नाहीत. त्यात लोपी अशी खरखरीत की धागे एकमेकांना चिकटून बसतात. वर शिलाई आहेच. गुळगुळीत, मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर हे करायला गेलं तर मात्र फजिती. कडेने टाके उचलून बटणपट्टी विणायची, काजं ठेवायची, आणि कापलेली कड आत फितीखाली लपवायची. आता हातात दिलं तर तुला कळणार नाही कुठे कापलंय.

सुई साडेचार मिलिमीटरची, तुझ्या हिशेबाने सात नंबर. लोकर लेत्तलोपी, म्हणजे हलकी लोपी, पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात शंभर मीटर धागा, अंग राखाडी आणि नक्षी पांढरी-काळी. खालच्या आजी शेजारी बसून होत्या. कात्री चालवताना त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, एवढंच.

तुझ्यासाठी काय, असं तू विचारलं नाहीस. आजीनेही नाही. म्हणून सांगते, शाल घातली आहे. बारीक एकपदरी लोकरीची, जांभळी. चार कामांतलं चौथं तेच. पण बाळ जन्मायची तारीख असते, ख्रिसमसची तारीख असते, शालीला ना तारीख ना माप, त्यामुळे ती पिशवीच्या तळाशी जाते. शिवाय कऱ्हाडात तुम्ही नोव्हेंबरात पंखा लावता. तरी पहाटे फुलं काढायला जातेस तेव्हा उपयोगी पडेल. दादाच्या लग्नापर्यंत होईल. होईलच.

लग्नाचं. कालच पैसे पाठवले आहेत, पन्नास हजार हॉलच्या ॲडव्हान्सला आणि वीस हजार बाबांच्या डोळ्याला. बाबा, भिंग चांगलं घ्या, स्वस्तातलं नको, आणि परत करायची भाषा नको. दादाला म्हणावं, बॅंडवाल्यावर जास्त उधळू नकोस. रजा मला आठ दिवसांचीच मिळते आहे, त्यातले दोन प्रवासात जातात. हळदीला मी पोचते, केळवणं आणि मेंदी हुकते. आधी आले असते, पण वर्षअखेरीची कामं माझ्याकडेच आहेत आणि दिवाळीत आले नाही म्हणून आता जास्त मागता येईल असं इथे नसतं. घरच्या केळवणाला व्हिडिओवर बसेन, माझंही ताट वाढा. मावशीला मात्र तूच समजाव, मला तिचे टोमणे फोनवरूनही झेपत नाहीत.

आणि त्या आठ दिवसांत कुणाला बघायला बोलावू नकोस. पुण्याच्या त्या स्थळाला "अजून थांबा" असं कळव. मी चिडून सांगत नाहीये.

तू दोनदा विचारलंस, त्या स्वेटरची बेचाळीस इंच छाती कुणाच्या मापाची. दोन्ही वेळा मी विषय बदलला. तो इथलाच आहे. गरम पाण्याच्या विहिरी खणतात त्या कामावर इंजिनिअर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याची आई शाळेत शिकवते. खालच्या आजी त्याला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे चौकशी झाली आहे असं धर. मासे भरपूर खातो, वरणभात मागून घेतो, तिखट झेपत नाही. जात विचारू नकोस, इथे ती नसते. आडनावही विचारू नकोस, बहुतेकांना तेही नसतं, वडिलांच्या नावाला "मुलगा" जोडला की झालं. लग्न ठरलंय असं मी म्हणत नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरवणारही नाही. पण स्वेटर त्याचा आहे.

विणणाऱ्या बायकांत एक समजूत आहे, लग्नाआधी पुरुषाला स्वेटर विणला की तो सोडून जातो. मोजे चालतात, टोपी चालते, स्वेटर नाही. मला यात अपशकुन कमी आणि हिशेब जास्त दिसतो. स्वेटरला महिने लागतात, तेवढ्यात नातं टिकणारं नसेल तर तसंही कळतंच. हा टिकला. कापतानाही शेजारी होता, आजींपेक्षा जास्त घाबरलेला.

बाबांना हे तू सांग. रविवारी तुमच्या संध्याकाळी मी फोन करेन. तेव्हा ओरडायचं असेल तर ओरड, पण फोन ठेवू नकोस.

आजीला नमस्कार, दादाला चिडवून सांग की मी येतेय.

तुमची,
धाकटी

ता. क. होणाऱ्या वहिनीच्या हाताचं माप हवं आहे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि अंगठा सोडून तळव्याचा घेर. ती दोघं मनालीला जाणार आहेत ना, हातमोजे देईन. बांगड्यांचं माप घ्याल तेव्हा तिला कळू न देता घे आणि इंचात कळव, सेंटिमीटर मी करते.