हिवाळी टायर घेण्याआधी: मित्रास पत्र

एसलिंगेन, जर्मनी,
5 ऑक्टोबर 2025

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार.

गाडीचे फोटो मिळाले. गाडी झकास आहे, आणि आधीच्या मालकाने सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलंय हे पाहून बरं वाटलं. पण टायरचा फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच लिहायला बसलो.

विकणाऱ्याने तुला सांगितलं, "एम प्लस एस आहेत, हिवाळ्यात चालतात." म्हणजे टायरवर M+S, 'मड अँड स्नो' (चिखल आणि बर्फ), छापलंय. ते आता चालत नाही. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. नुसते एम प्लस एसवाले टायर इथे सप्टेंबर 2024 पर्यंतच हिवाळी म्हणून धरले जायचे, तेही 2017 अखेरपर्यंत बनलेले असले तर. एम प्लस एस ही अक्षरं कंपनी आपली आपण छापू शकते. डोंगराचं चिन्ह मिळवायला टायरला बर्फावरच्या चाचणीत पास व्हावं लागतं. शिवाय तुझ्या टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे 2216 आहेत, म्हणजे तो 2016 सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलाय. नऊ वर्षांचं रबर! नक्षी कितीही शाबूत दिसू दे, ते टायर काढून टाक.

तू फोनवर म्हणालास, भर पावसात वरंध घाट उतरलोय, इथल्या चढउतारांचं काय घेऊन बसलास. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही रे. पण ओलं डांबर टायरला बऱ्यापैकी धरून ठेवतं. दबलेल्या बर्फावर पकड त्याच्या निम्मीही उरत नाही, आणि डांबरावर गोठलेला पारदर्शक थर तर दिसतही नाही. तुझं म्युन्झिंगेन 700 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. खाली स्टुटगार्टात रिमझिम असते तेव्हा बाड उराख गावाच्या वर बर्फ पडत असतो, आणि तुझा ऑफिसचा रस्ता रोज तिथूनच. फोर व्हील ड्राइव्ह गाडी चढवायला मदत करेल, थांबवायला नाही. थांबवतात ते टायर. बर्फावर उन्हाळी टायरची गाडी थांबायला दुपटीच्या आसपास अंतर घेते.

बर्फ पडला की बदलू, असंही करू नकोस. मुळात प्रश्न थंडीचा आहे. पारा 7 अंशांच्या खाली घुटमळायला लागला की उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. एखाद्या गारठलेल्या सकाळी टायरवाल्याकडे जा आणि उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांवर अंगठा दाबून बघ. हिवाळी टायरचं रबर दबतं, कारण त्याचं मिश्रणच थंडीत मऊ राहील असं केलेलं असतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा दिसतील. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. हिवाळी टायर मुळात फिनलंडचा, तिथे 1934 साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर निघाला.

ऑल सीझनचा, म्हणजे बारमाही टायरचा मोह तुला होणार, कारण एकच सेट आणि अदलाबदलीची कटकट नाही. राइनकाठी कोलोनला राहत असतास तर मीच घे म्हणालो असतो. तुझ्या गावाला नको. पूर्ण हिवाळी घे, आणि चारही घे. पुढे दोन नवे, मागे जुने असं केलंस तर वळणावर गाडीची मागची बाजू निसटेल. गाडीच्या कागदपत्रांत जे साइज मान्य आहेत त्यांतला अरुंद निवड, तो बर्फात चांगला चालतो आणि स्वस्तही पडतो. सेट वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवून घे, म्हणजे दरवर्षी टायर उतरवण्या-चढवण्याचा खर्च वाचेल. कायदा 1.6 मिलिमीटर खोल नक्षीवर समाधान मानतो, पण 4 च्या खाली गेली की हिवाळ्यासाठी तो टायर संपला असं समज. खाचेत 2 युरोचं नाणं घाल. चंदेरी कड दिसायला लागली तर नक्षी 4 पेक्षा कमी उरली आहे.

बर्फात हिवाळी टायरशिवाय पकडलं तर दंड 60 युरो आणि लायसन्सच्या नोंदीत एक दोष-पॉइंट, ते सोसता येईल. पण त्या रस्त्यावरून वहिनी रोज ईराला किंडरगार्टनला सोडतात, मला त्याची जास्त काळजी आहे.

इकडे लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर ठेवतात. महिनाअखेर टायरवाल्यांकडे अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून याच आठवड्यात फोन कर. बसवून 50 किलोमीटर झाले की बोल्ट परत आवळून घे. थंडीत हवा कमी होते, तीही बघत जा. ऑर्डर देण्याआधी टायरचं नाव, साइज आणि कडेवरच्या चिन्हाचा फोटो मला पाठव. रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, ईराला गोड पापा.

तुझा,
मिलिंद