मंत्रीमहोदय, जरा ब्लॅक बुकचं बघा ना

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

सर, मी डिग्री कॉलेजात शिकवते. सहाव्या सेमिस्टरचं सबमिशन जवळ आलं की गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा सीझन सुरू होतो, कारण ब्लॅक बुक, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा काळ्या कव्हरचा रिपोर्ट, तिथे तयारच मिळतं, नाव नि रोल नंबर तेवढा बदलायचा, वर सोनेरी अक्षरात बाइंडिंग. पोरं लबाड आहेत असं मला नाही वाटत. शाळेपासून निबंध गाइडमधून उतरवले, जर्नलं मैत्रिणीची बघून पूर्ण केली, आणि आपणच त्यावर सह्या ठोकल्या की!

विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) उचलेगिरीविरुद्ध 2018 चा नियम आहे, प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत माफ, 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. पण असाइनमेंट नि प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून वगळलेत. त्याच नियमात पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीने शिकवा, दर सेमिस्टरला कार्यक्रम घ्या असंही लिहिलंय, ते होतं कसं तर बॅनर, दीपप्रज्वलन, फोटो, आणि फोटो कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइलला. पीएचडीवाल्यांना 2019 पासून याचा दोन क्रेडिटचा कोर्स आहे म्हणे, पण तोवर सवय हाडात मुरलेली असते.

आणि या टक्केवारीमुळे पोरांचा प्रश्न एकच, "मॅडम, किती टक्के चालतं?" सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी नाही. शब्द इकडचे तिकडे केले की टक्का उतरतो, इंग्रजी लेख मराठीत उतरवला तर बऱ्याचदा पत्ताही लागत नाही, आणि आता तर एआय आख्खा रिपोर्टच लिहून देतं.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आलंय, म्हणजे रिपोर्ट अजून वाढणार. तर पहिल्याच सेमिस्टरला चार तास तरी यासाठी ठेवा, भाषण नको, एक उतारा वाचायला द्या, कागद पालथा घालून तेच स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा आणि कुठून घेतलं ते खाली टाकायला लावा. शब्द आपले असले तरी माहिती दुसऱ्याची असेल तर नाव द्यायचं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं हो. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी साध्या मराठीत एक छोटी पुस्तिका काढा. आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) नीट होऊ दे, मुलामागे दोन मिनिटांत काय कळणार, कपाळ?

अजून एक, हे रिपोर्ट वाचणारे निम्मे लोक तासिका तत्त्वावर असतात, त्यांना पैसे लेक्चरचे मिळतात, रिपोर्ट वाचायचे नाहीत. जीआर काढाल तेव्हा तेही त्यात घाला.

आपली,
एक प्राध्यापिका