लोटलीच्या सिमितेरीत जाण्याआधी

मडगाव,
भाद्रपद

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गुडघे धड आहेत तोवर आपल्या मूळ गावची, लोटलीची सिमितेर बघून घेऊ, मागे राहून ख्रिस्ती झालेली आपली माणसं तिथेच पुरली असणार," आणि मागून आईचा आवाज आला, "स्मशानं कसली बघायला जायची?" दोघांनाही उत्तर द्यायचं होतं, पण दादाच्या घरी फोन कायम स्पीकरवर, आणि पुण्यातलं अर्धं गणगोत तो ऐकत बसलेलं. म्हणून हे पत्र.

मी नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरला आहे. 2 नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस, आणि त्याच्या आधी गावोगावच्या सिमितेरी साफ होतात. पावसात तिथे गुडघाभर गवत माजतं, चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि बाबांच्या नव्या गुडघ्याला शेवाळ अजिबात परवडणारं नाही. ऑक्टोबर संपता संपता गवत कापतात, भिंतींना चुना लागतो, दगड घासले जातात. खुद्द 2 तारखेला मात्र नको. लोक आपापल्या माणसांकडे फुलं नि मेणबत्त्या घेऊन आलेले असतात, त्यांच्या मधेमधे आपण वही-पेन घेऊन घुटमळणं बरं दिसत नाही. दोन-तीन दिवस मागाहून जाऊ.

जायचं सकाळी, नऊच्या आत. डोक्यावरच्या उन्हात झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत, तिरप्या उन्हात वर येतात. राय गावच्या सिमितेरीत मी एका साफ कोऱ्या वाटणाऱ्या फरशीला मोबाइलची बॅटरी आडवी टेकवून धरली, तर बोटभर उंचीची अक्षरं सावलीसकट उभी राहिली. पोर्तुगीजमध्ये 'फालेसेउ' म्हणजे वारला, एवढं मला लागलं. पुढचा आकडा 8 की 3, आणि त्यापुढच्या दोन ओळींत काय, ते काही उलगडलं नाही. शेजारी गवत काढणारी बाई म्हणाली, हल्लीच्या पोरांना कुणाला ते वाचता येत नाही. मला लगेच, बाबा, तुम्ही आठवलात. 1961 च्या आधी सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची परीक्षा, पास झालेलं आपल्या घरात आता तुमच्याशिवाय आहे कोण? तेव्हा तुम्हाला सहलीला नेतेय असं समजू नका, कामाला नेतेय. चष्मा दोन्ही आणा. एक मऊ ब्रश आणि पाण्याची बाटली मी घेईन. खरवडायचं नाही, साबण-आम्ल काही लावायचं नाही, आणि फोटो काढायच्या आधी चर्चच्या कचेरीत विचारायचं.

आता तिथे काय सापडणार नाही ते आधीच सांगते, म्हणजे मागून हिरमोड नको. गावच्या सिमितेरीत जागा थोडी, माणसं फार. बहुतेक गावांत साधारण तीनेक वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात. घरच्यांनी भिंतीतला कोनाडा घेतला असेल तर हाडं त्यात जातात, नाहीतर सगळ्यांच्या सामाईक विहिरीत. कायमची कबर ज्यांना परवडली त्यांचीच. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या कुणाचं नाव बाहेर उघड्यावर मिळेल ही आशा सोडा. जुने दगड बघायचे तर चर्चच्या आत, पायाखाली. पूर्वी प्रतिष्ठितांना चर्चमध्येच पुरत. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चची जमीन अशा फरशांनीच भरली आहे, कोरीव ढालींसकट.

आणि आपलं आडनाव शोधत फिरू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं, नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, त्यामुळे एका चुलीवरच्या माणसांची दोन आडनावं झाली तरी नवल नव्हतं. त्यापेक्षा भरवशाचा धागा गावकरीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ गावकारांच्या संस्थेचा. ती वंशावर चालते. लोटली ज्यात येते तो सासष्टी तालुका हातात यायच्या आधीच, 1526 मध्ये, पोर्तुगीजांनी जुन्या गोव्याच्या आसपासच्या तिसवाडीतले गावकरीचे रिवाज लिहून काढले होते, कारण सारा वसूल करायला त्यांनाही तीच यंत्रणा लागत होती. आडनाव बदललं तरी माणूस त्याच वांगडाचा, म्हणजे गावकारांच्या त्याच कुळाचा, राहिला. म्हणून लोटलीत गेल्यावर आधी कोमुनिदादीत (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) चौकशी, मग सिमितेर.

बाबा, तुमची दोन भावांची गोष्ट मला तोंडपाठ आहे. थोरला रामनाथाला घेऊन अघनाशिनीपार, म्हणजे जुवारी नदीपार झाला, धाकटा खाजन शेतीसाठी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांसाठी, मागे राहिला. 1567 च्या सुमारास राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिग्स यानं सासष्टीतली देवळं पाडली आणि देव नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, फोंड्याकडे गेले, हे इतिहासात आहेच. लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पण भावांचं मात्र मला शंकास्पद वाटतं. फोंड्यात ज्या घरात विचाराल तिथे दोनच भाऊ, थोरलाच देव उचलतो आणि धाकटाच मागे राहतो. एखाद्या घरातला धाकटा कधी देव घेऊन पळाला नसेल? रागावू नका. कुणीतरी मागे राहिलं असणार हे मलाही पटतं, कारण शेतं ओसाड पडली नाहीत. फक्त तो अमुकच दगडाखाली आहे असं ठरवून आपण जायचं नाही.

आपल्या बाजूचे कागद त्यामानानं बरे आहेत. 1886 च्या माझनिया कायद्यापासून, म्हणजे देवळांच्या कारभाराच्या पोर्तुगीज कायद्यापासून, देवळांच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्कदारांच्या, याद्या झाल्या, तेव्हा बांदिवड्याला पणजोबांच्या वरची नावं मिळायला हवीत. गोकर्णच्या उपाध्यांच्या वहीत तुमच्या काकांनी सही केली होती असं आत्या सांगते, त्याचीही चौकशी करीन. आणि पणजीचं पुराभिलेख खातं आहेच, 1595 पासूनचं. तिथे मी एकटी जाईन. पोथ्यांच्या धुळीनं तुम्हाला दमा होतो.

आता आई, तुझं. सिमितेरीतून आल्यावर आंघोळ करायची असेल तर कर, माझ्याकडे गिझर आहे. पण जाऊच नये असं कुठे आहे? सध्या पितृपंधरवडाच चालू आहे. तर्पणाच्या शेवटी भटजी बांधवांना, अबांधवांना आणि मागच्या जन्मीच्या बांधवांनाही पाणी सोडायला लावतात, तेव्हा ते कुठे पुरले की जाळले असं विचारत नाहीत. कुंकळ्ळीला सोंत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या उत्सवाच्या वेळी बघ. फातर्प्याची देवी गावात येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि ख्रिस्ती गावकारही त्यात आपला मान राखतात. आणि लोटलीच्याच व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांना 2011 मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मडगावच्या स्मशानात अग्नी दिला. त्यांच्यातला माणूस आपल्या स्मशानात आलेला चालतो, मग आपण त्यांच्या सिमितेरीत तासभर गेलेलं का चालू नये? तरी मन घेत नसेल तर फाटकाबाहेर गाडीत बस. पण मला माहीत आहे, तू बसणार नाहीस. कुणाच्या थडग्यावरचा तो अंडाकृती फोटो दिसला की सर्वांत आधी तूच विचारशील, ही कोण गं, एवढ्या लहान वयात कशी गेली.

बेत असा. पहिल्या दिवशी रामनाथाला अभिषेक, तिथेच महाप्रसाद. दुसऱ्या दिवशी सकाळी लोटली, जुन्या देवळाची जागा, चर्च, सिमितेर. दुपारी एक ते चार सगळ्या कचेऱ्या झोपतात, तेव्हा आपणही घरी येऊन झोपू. राशोल जमलं तर, नाहीतर राहू दे.

गोवा एक्सप्रेसचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, दादाला आजच सांगा. दोन्ही खालचे बर्थ, आणि बाबांचा संडासाच्या बाजूचा नको. वहिनीला सांगून कपाटातल्या जुन्या वंशावळीचा फोटो मला पाठवा, नावं नीट दिसतील असा, घड्या उलगडून. आत्याला मी विचारतेच आहे, पण ती आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव काही सांगत नाही. आई, ते तुला ठाऊक आहे ना? कळव.

तुमची,
मडगावची लेक