जुना लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं यावरचा लेख वाचला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं, इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण पुढे लेखकाने सरळ नवीन घ्या म्हणून सांगितलं आणि लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमला, एका ओळीत निकालात काढलं, की फुकट असलं तरी ते तज्ज्ञांचं काम आहे. मी काही तज्ज्ञ नाही, कॉमर्सवाला माणूस आहे, आयुष्य हिशेबात गेलं, तरीपण गेली काही वर्षं लिनक्स वापरतोय आणि दोन छोट्या वेबसाइट चालवतोय, म्हणून हे पत्र.

सुरुवात अगदी साधी झाली. ४ जीबी रॅमचा लॅपटॉप होता, चालू केला की चहा पिऊन यावं एवढा वेळ घ्यायचा. कोणीतरी म्हणालं लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून बघ. आणि इथेच लेखात राहून गेलेली मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे लिनक्स बघायला ते इन्स्टॉल करावं लागत नाही! आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलमध्ये) डाउनलोड करायची, रुफससारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायची (नुसती कॉपी करून चालत नाही, मी आधी तेच केलं होतं), मशीन चालू करताना एफ१२ किंवा जे काही बटण असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, की अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालू होते. हार्डडिस्कला हातही लागत नाही. आवाज येतोय का, वायफाय चालतंय का, स्क्रीन नीट दिसतेय का हे सगळं बघा, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे.

माझ्याकडे वायफाय चाललंच नाही. त्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, वेगळा टाकावा लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. शेवटी मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने देणं) चालू केलं, लॅपटॉपला नेट मिळालं आणि ड्रायव्हर मॅनेजरने बाकीचं आपोआप केलं. असली एखादी अडचण येते हे मान्य. पण रोजचं काम म्हणाल तर ब्राउझर तोच, लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये हिशेब होतात, कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी घेतलं की मराठी टाइप होतं. ज्यांचं काम टॅलीवर किंवा फोटोशॉपवर अडलेलं आहे त्यांनी मात्र आधी नीट चौकशी करावी, तिथे उगाच लिनक्सचा झेंडा नाचवण्यात अर्थ नाही.

आता वेबसाइटचं. इंटरनेटवरचे सर्व्हर (वेबसाइट ठेवून लोकांना दाखवणारी मशीन) मोठ्या संख्येने लिनक्सवरच चालतात, ॲन्ड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असतो, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लायनस टोरवाल्ड्सने, हौस म्हणून सुरू केलेली ही गोष्ट! मी लॅपटॉपवर अपाचे आणि पीएचपी (वेबसाइट चालवायला लागणारे प्रोग्राम) इन्स्टॉल केलं, एक कमांड, दोन मिनिटं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (आपल्याच मशीनचा पत्ता) टाइप केलं आणि समोर पान आलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो घरात कोणालाच कळला नाही. पण लोकलहोस्ट म्हणजे आपल्या घरात आपणच टाळ्या वाजवल्यासारखं, बाहेरच्याला ते दिसत नाही. आणि घरच्या कनेक्शनवरून बाहेर दाखवायचं म्हटलं तर बऱ्याचदा कंपनीने एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, मग राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे ये-जा करायची दारं, उघडा, काही उपयोग नाही. म्हणून मग भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला, त्यावर उबुंटू (लिनक्सचा आणखी एक प्रकार), स्क्रीन नाही माऊस नाही, नुसती काळी खिडकी आणि कमांड.

पहिली साइट आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींच्या फोटोंची. लॅपटॉपवरच्या जुन्या विंडोजमध्ये ती मस्त चालत होती, सर्व्हरवर चढवली तर अर्धे फोटो गायब. दोन दिवस डोकं फोडलं. कारण काय, तर कॅमेरा फाइलच्या नावाशेवटी कॅपिटल जेपीजी लिहितो आणि मी पानात लिहिलं होतं स्मॉल जेपीजी. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइल. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री झोपलो असतो.

दुसरी साइट शब्दकोड्यांची. जुना डेटाबेस मायएसक्यूएलमध्ये (माहिती साठवायच्या प्रोग्राममध्ये) आणला, नवीन कोडं भरलं, सेव्ह केलं आणि बघतो तर उभे शब्द, आडवे शब्द, सूचना, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. कोड्याचंच कोडं झालं. मायएसक्यूएलच्या ८.० च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ठरलेली अक्षरपद्धत लॅटिन१ असायची, माझी टेबलं त्या काळातली, त्यात देवनागरी बसतच नाही. युटीएफ८एमबी४ ही सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत केल्यावर नवीन मजकूर नीट आला, पण आधीची प्रश्नचिन्हं प्रश्नचिन्हंच राहिली, कारण तिथे खरोखर प्रश्नचिन्हंच साठवली गेली होती, मूळ अक्षरं गेली ती गेलीच. चाळीस सूचना परत हाताने टाइप केल्या. मराठीत साइट काढणाऱ्याने एक ओळ मराठी टाकून, सेव्ह करून, परत उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आणि सगळ्यात फजिती झाली ती कनेक्शन सुरक्षित असल्याच्या कुलपाच्या चिन्हाची. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था आहे, ती एचटीटीपीएसचं (सुरक्षित कनेक्शनचं) सर्टिफिकेट मोफत देते, माझं ९० दिवसांचं होतं, आणि सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते मुदतीआधी आपलं आपण नवं करून घेतो. मी शहाणपणा करून फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद केलं, म्हटलं आता सगळं ४४३ वर, एचटीटीपीएसच्या दाराने, चालतंय, हे दार कशाला उघडं. माझ्या सेटिंगमध्ये, साइट माझीच आहे ना ही लेट्स एन्क्रिप्टची तपासणी त्या ८० च्याच दाराने यायची. तीन महिने काहीही झालं नाही आणि एके दिवशी सकाळी मित्राचा फोन, अरे तुझ्या साइटवर धोका म्हणून दाखवतंय, काही हॅक वगैरे झालं का? लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नूतनीकरण फसल्याच्या ओळी व्यवस्थित लिहिलेल्या होत्या, बघणारा मी, मीच बघितलं नव्हतं.

म्हणून लेखकाचं म्हणणं मी उलटं करून सांगेन. लिनक्स वापरायला तज्ज्ञ लागत नाही, साइट सांभाळायला मात्र रोज थोडं लक्ष लागतं. सर्व्हर चालू करून काही तास होत नाहीत तोच लॉगमध्ये दिसायला लागतं की कोण कुठला रूट (सर्वाधिकारी खातं) नावाने पासवर्ड ठोकून बघतोय, कोणी वर्डप्रेसचं (वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामचं) लॉगिन पान शोधतोय, जे माझ्याकडे नाहीच. ही माणसं नसतात, आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना साइट छोटी की मोठी याच्याशी देणंघेणं नसतं. तेव्हा अपडेट वेळेवर, पासवर्डऐवजी की (आपल्या मशीनवर ठेवलेली किल्लीची फाइल) वापरून लॉगिन, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर, त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप धरू नये.

आणखी एक, लेखात सारखं फुकट फुकट म्हटलंय. फुकट तर आहेच, पण मुक्त आहे हे जास्त महत्त्वाचं. सोर्स कोड कोणीही बघू शकतो, बदलू शकतो, पुढे देऊ शकतो, लिनक्सच्या जीपीएल लायसन्समध्ये तसं लिहिलेलंच आहे. म्हणूनच विंडोजने सोडून दिलेल्या माझ्या लॅपटॉपवर आजही अपडेट येतात.

पुढच्या वेळी हा विषय घेतलात तर पेनड्राइव्हवरून लिनक्स कसं बघायचं याची एक चौकट जरूर छापा. आणि त्यात ठळक अक्षरात लिहा की टर्मिनलमध्ये (त्या कमांडच्या काळ्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, तरी तो टाइप होत असतो. मी अर्धा तास कीबोर्ड बिघडला म्हणून दुसरा लावून बघत होतो.

आपला,
एक नियमित वाचक