वेग नंतर, आधी बॅकस्पेस कमी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टायपिंग सुधारण्याविषयी बोलताना 'मिनिटाला किती शब्द' एवढेच विचारले जाते. अचूकता किती, हे क्वचितच कोणी विचारते. वेग बहुधा तिथेच अडलेला असतो.

हिशेब करून पाहावा. चाचणीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, मधल्या मोकळ्या जागेसकट. मिनिटाला ४० शब्द म्हणजे २०० ठोके, एका ठोक्याला ०.३ सेकंद. अचूकता ९५ टक्के असेल तर दहा चुका झाल्या. चूक ध्यानात येईपर्यंत बोटे दोन अक्षरे पुढे गेलेली असतात. ती तीन अक्षरे वाया आणि ती खोडायला तीनदा बॅकस्पेस, असे सहा ठोके. थबकणे धरले तर दोन सेकंद सहज जातात. म्हणजे मिनिटातली वीस सेकंदे निव्वळ दुरुस्तीत गेली. अचूकता ९८ टक्क्यांवर नेली की हाच खर्च आठ सेकंदांवर येतो, आणि त्यासाठी बोटे जराही भरभर हलवावी लागत नाहीत.

चुका का होतात? बऱ्याचदा कारण बोटांत नसून बसण्यात असते. नंबरपॅड असलेला कीबोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला की अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि उजवे मनगट सतत वाकडे राहते. जी आणि एच यांच्यामधली रेघ आपल्या बेंबीच्या समोर यायला हवी. कीबोर्डच्या मागचे पाय दुमडून टाकावेत. ते उभे केले की मनगट वर वळते आणि ताण येतो. कोपर साधारण काटकोनात किंवा किंचित उघडे असावे, खांदे सैल. टाइप करताना मनगट टेबलावर टेकवू नये. टेकलेल्या मनगटातून बोट वरच्या ओळीपर्यंत ताणावे लागते आणि ते शेजारच्या कीवर पडते. टेकवायचे ते थांबल्यावर.

एफ आणि जे या कीवरचे उंचवटे तर्जनीसाठी आहेत. डावी बोटे ए, एस, डी, एफ वर, उजवी जे, के, एल आणि सेमीकोलनवर, अंगठे स्पेसबारवर. दोन्ही तर्जन्यांकडे दोन-दोन उभ्या रांगा येतात आणि गोंधळ तिथेच होतो: बी चुकून उजव्या तर्जनीने, वाय डावीने, सी मधल्या बोटाऐवजी तर्जनीने. दुसरी खोड शिफ्टची. डाव्या शिफ्टनेच सगळी मोठी अक्षरे काढणाऱ्याला मोठा ए काढताना हात उचलावा लागतो. अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने दाबावी.

सराव रोज वीस मिनिटे पुरे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा तो जास्त लागू पडतो. मेट्रोनोम (ठरावीक तालात टोले देणारे साधन) मिनिटाला ६० वर लावून एका टोल्याला एक ठोका द्यावा. हा वेग फक्त १२ शब्दांचा आहे, कंटाळवाणा वाटेल, पण घाई लपवायला त्यात जागाच नसते. अचूकता ९८ टक्क्यांवर टिकली की पाच-पाच टोले वाढवावेत, घसरली की मागे यावे. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याचा वेग सुरुवातीला हमखास पडतो. बहुतेक जण नेमके तेव्हाच जुन्या सवयीकडे परततात.

चुकांची नोंद ठेवावी, पण चुकलेल्या अक्षराची नव्हे, त्याआधीच्या अक्षरासह जोडीची. अक्षरांची अदलाबदल होत असेल तर दोन हातांचा ताल जमलेला नाही. अक्षर गळत असेल तर बहुधा करंगळी की पुरती दाबत नाही. शब्दाच्या मध्यात चुकल्यावर एकच अक्षर दुरुस्त न करता अख्खा शब्द खोडून पुन्हा लिहावा. विंडोजमध्ये कंट्रोल आणि बॅकस्पेस, मॅकवर ऑप्शन आणि डिलीट एकत्र दाबले की मागचा शब्द एका फटक्यात जातो. बोटांना शब्दाचा पूर्ण ओघ शिकायचा असतो, ठिगळ लावणे नव्हे.

दहाही बोटे हवीतच का, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. १८८८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या टायपिंग स्पर्धेत फ्रँक मॅकगुरिनने न बघता टाइप करून लुई ट्रॉबला हरवले, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. मात्र फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये दिसले की स्वतःच शिकलेले काही जण कमी बोटांनीही तितकेच वेगवान असतात. अट अशी की प्रत्येक अक्षराला बोट ठरलेले हवे आणि हात फार हलता कामा नये. तेव्हा मिनिटाला ६० शब्द कमी बोटांनी करणाऱ्याने सगळे मोडून नव्याने शिकू नये. कीबोर्डकडे पाहावे लागत असेल तर मात्र शिकावे.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, उत्तम. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. 'तारीख' लिहून पाहा, हात आळीपाळीने पडतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण टाइप करायची व्यंजनानंतर. जुन्या टाइपरायटरची सवय असलेले इथे अडखळतात, तेव्हा वेलांटीच्या शब्दांचा सराव वेगळा करावा. जोडाक्षराचा हलंत डीवर असल्याने डाव्या मधल्या बोटाला भरपूर काम पडते.

महागड्या कीबोर्डची जाहिरात वाचून भुलू नये. अनेक मेकॅनिकल कीबोर्डांत (प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असलेल्या) की साधारण दोन मिलिमीटर दाबली की अक्षर उमटते, तळापर्यंत जावे लागत नाही, इतकेच. जोरात आपटणाऱ्याला त्याचाही उपयोग नाही.

टायपिंगच्या चाचण्या घेणाऱ्यांना एक विनंती: निकालात शब्दांच्या आकड्याशेजारी अचूकतेची टक्केवारी आणि बॅकस्पेस किती वेळा दाबला, हेही छापावे.

आपले,
टायपिंग शिकवणारे काही प्रशिक्षक