गॅस्ट्रोच्या बातमीत क्लोरीनचा आकडा छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात गॅस्ट्रोची लागण, इतके रुग्ण ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य पथक दाखल, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना. नमुन्यांचा अहवाल येईपर्यंत साथ ओसरलेली असते आणि त्याची बातमी सहसा येत नाही. माझी हयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून या बातमीत काय राहून जाते ते लिहितो आहे.

नमुन्यात जंतू सापडला की नाही, एवढ्यावर आपण थांबतो. तो कोणत्या अवस्थेत पाण्यात आला, यालाही तितकेच महत्त्व आहे. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचेच बघा. हा जंतू विहिरीत किंवा खाडीत असतो तेव्हा विष बनवत बसत नाही. विषाची जनुके त्याच्याजवळ असतात, पण बंद. पोटात गेल्यावर बहुतेक जंतू जठरातल्या आम्लात मरतात. जे वाचतात ते लहान आतड्यात पोचतात. तिथे पित्त असते. पित्तातली काही स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) जंतूच्या ‘टॉक्सटी’ नावाच्या प्रथिनाला जखडून ठेवतात आणि हे प्रथिन मोकळे झाल्याशिवाय विषाचे जनुक चालू होत नाही. जंतू बुळबुळीत थरातून पोहत आतड्याच्या भिंतीला भिडला की पित्ताचा जोर ओसरतो, आणि भिंतीतून पाझरणारे बायकार्बोनेट टॉक्सटीला कामाला लावते. आतडे आम्ल मारण्यासाठी जे सोडते, त्यावरूनच जंतूला कळते की मुक्कामाची जागा आली. मग एकीकडे चिकटून बसायला तंतू निघतात, दुसरीकडे विष तयार होते. अशा रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात हा जंतू वेगळा काढला खरा. पण विषाचा पुरावा त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दिला तो १९५९ मध्ये. आपल्याकडे किती पदवीधरांना हे नाव माहीत आहे, हा प्रश्न इथे नको.

पुढचा भाग ग्रामपंचायतीच्या कामाचा. आतड्यात जंतूंची गर्दी झाली की ते एकमेकांनी सोडलेल्या रसायनांवरून ती ओळखतात, विष आवरते घेतात, भिंतीपासून सुटण्यासाठी एक विकर (एन्झाइम) सोडतात आणि जुलाबावाटे बाहेर पडतात. हे बाहेर पडलेले जंतू साधे नसतात. बांगलादेशातल्या रुग्णांच्या जुलाबातले ताजे जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा कितीतरी पटींनी जास्त संसर्गक्षम असतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदराच्या पिलांवरच्या प्रयोगांतून दिसले. पाण्यात पडल्यावरही ही ताकद काही तास टिकते. म्हणजे पहिल्या रुग्णाच्या जुलाबानंतरचे तेच तास सगळ्यात घातक, आणि आपली यंत्रणा हलते ती दवाखान्यात खाटा कमी पडल्यावर.

आता आपल्या गल्लीत या. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, तेही अर्धा तास. दाब नसतो म्हणून लोक नळाशी गुडघाभर खड्डा खणतात, तोटी काढून टाकतात आणि खड्ड्यात उतरून घागर भरतात. शेजारची नाली त्याच खड्ड्यात पाझरते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होऊ लागतो आणि खड्ड्यात साचलेले पाणी उलटे आत ओढतो. ज्यांनी थेट मोटर लावलेली असते ते पुढच्या वेळी हे पाणी आणखी जोराने खेचतात. ओट्यावर धुतलेले आजाऱ्याचे कपडे, ती नाली, हा खड्डा आणि दोन घरे पलीकडचा रांजण, एवढाच जंतूचा प्रवास, फार तर एका सकाळचा. यात लोकांना दोष देऊन भागत नाही. आठवड्याने पाणी सोडणाऱ्याने खड्डे खणू नका असे सांगणे सोपे आहे.

टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची भुकटी, टाकीत पडली का, हे तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. ओटी किटच्या, म्हणजे पाण्यातले क्लोरीन रंगावरून तपासायच्या संचाच्या, नळीत नळाचे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पण हे टाकीखाली करून उपयोग नाही. गावाच्या शेवटच्या नळाला करायला हवे. तिथे किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन शिल्लक असावे लागते. आणि टीसीएलचे पोते ओलीत उघडे पडलेले असेल, तर त्या भुकटीत दम उरत नाही.

नुसत्या क्लोरीनने सगळे भागत नाही, हेही मान्य. रक्ती हगवणीचा शिगेला हा जंतू बाहेरच्या ३० अंशाला आपली हत्यारे म्यान ठेवतो आणि अंगातल्या ३७ अंशाला उपसतो; त्याचे दहा ते शंभर जंतूही आजारी पाडायला पुरतात, आणि तेवढे तर हातावरूनही जातात. तिथे साबणाने हात धुण्याला पर्याय नाही.

आपल्या वार्ताहरांनी गॅस्ट्रोच्या बातमीत रुग्णसंख्येबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात, ही विनंती: पहिला रुग्ण कधी आला, त्यानंतर किती तासांनी टीसीएल टाकले आणि त्या दिवशी शेवटच्या नळाला ओटी, म्हणजे क्लोरीनचा आकडा, किती आली. उत्तर मिळाले नाही तर ‘माहिती मिळाली नाही’ असेच छापावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, परभणी